शासकीय खरेदीतील पुरवठादार-विविधता

शासन, सार्वजनिक उपक्रम, स्थानिक स्वराज्य संस्था, रुग्णालये, विद्यापीठे इ. संस्थांना लागणाऱ्या वस्तू व सेवा काही मोजक्या प्रस्थापित पुरवठादारांकडूनच न घेता, लहान उत्पादक तसेच सामाजिक वा आर्थिक कारणांनी बाजारपेठेच्या परिघावर राहिलेल्या गटांचे उद्योग यांनाही त्या खरेदीत हेतुपुरस्सर वाटा देण्याच्या धोरणास ‘पुरवठादार-विविधता’ असे म्हणतात. हे धोरण अनुदानाहून भिन्न आहे. अनुदानात शासन उद्योगाला पैसा देते. येथे ते त्याचा माल विकत घेते. मालाचा दर्जा, मुदत व किंमत यांची अट कायम राहते. बदलते ती केवळ पुरवठादारांची निवड करण्याची रीत.

संस्थात्मक खरेदीची पद्धत वरवर सर्वांना सारखी असते. जाहीर निविदा निघते, निविदाकार बंद पाकिटात वा संगणकीय प्रणालीवर दर कळवितात आणि तांत्रिक कसोट्यांस उतरलेल्यांपैकी न्यूनतम दर देणाऱ्यास पुरवठ्याचा आदेश मिळतो. तथापि ही समानता निविदेच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचते. बयाणा रक्कम गुंतवून ठेवणे, मागील तीन वर्षांची ठराविक उलाढाल दाखविणे, तशाच मालाच्या पूर्वपुरवठ्याचे दाखले जोडणे, एकाच वेळी अनेक जिल्ह्यांना माल पोहोचविणे आणि देयक चुकते होईपर्यंत स्वतःच्या भांडवलावर तग धरणे या गोष्टी लहान उद्योगास जड जातात. पूर्वीचा पुरवठा नाही म्हणून नवा आदेश नाही व आदेश नाही म्हणून पूर्वीचा पुरवठा नाही, अशा चक्रात तो सापडतो. हे चक्र भेदणे हा पुरवठादार-विविधतेच्या धोरणाचा मुख्य हेतू होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीत भारत सरकारला लागणाऱ्या मालाची मोठी खरेदी लंडनमधील इंडिया ऑफिसच्या भांडार विभागामार्फत होत असे. रेल्वे, लष्कर व सार्वजनिक बांधकाम यांना लागणारा माल इंग्लंडमध्येच विकत घेतला जात असल्यामुळे भारतीय कारखानदारांना निविदा भरण्याची संधीही क्वचितच मिळे. पहिल्या महायुद्धात ही आयात खंडित झाली आणि देशी उत्पादनाची उणीव प्रकर्षाने जाणवली. सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय औद्योगिक आयोगाने (१९१६–१८) सरकारी मालाची खरेदी भारतातच करणारी यंत्रणा उभारण्याची शिफारस केली. त्यानंतर १९२२ मध्ये भारतीय भांडार विभाग स्थापन झाला. खरेदी कोणाकडून होते यावर उद्योग जगणे वा न जगणे अवलंबून असते, हा विचार भारतात असा प्रथम राष्ट्रीय प्रश्नाच्या रूपाने पुढे आला.

स्वातंत्र्यानंतर तोच विचार देशांतर्गत विषमतेला लागू झाला. अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीने (१९५५) दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी विकेंद्रित उद्योगांचा कार्यक्रम आखला. त्याच वर्षी राष्ट्रीय लघुउद्योग निगमाची स्थापना झाली. या निगमाकडे एकदा नोंदणी केलेल्या लघुउद्योगास निविदापत्रे विनामूल्य मिळणे, बयाणा रकमेतून सूट मिळणे अशा सवलती पुढे उपलब्ध झाल्या. काही वस्तू केवळ लघुउद्योगांकडूनच घ्याव्यात अशी यादी करण्यात आली. हातसुताची व हातमागावर विणलेली खादी ही खादी व ग्रामोद्योग आयोगाकडून घेण्यासाठी राखून ठेवण्यात आली. मोठ्या उद्योगांच्या तुलनेत लघुउद्योगांना १५ टक्क्यांपर्यंत किंमत-अग्रक्रम देण्याचीही तरतूद होती. परंतु ह्या सर्व सवलती प्रशासकीय सूचनांच्या स्वरूपाच्या होत्या. त्या पाळल्या नाहीत तर उद्योगाला दाद मागण्याचा भक्कम आधार नव्हता.

खरेदीसाठी राखीव वस्तू आणि उत्पादनासाठी राखीव वस्तू यांत फरक आहे. १९६७ पासून काही वस्तूंचे उत्पादन करण्याचा अधिकारच लघुक्षेत्रापुरता मर्यादित करण्यात आला होता. ते आरक्षण टप्प्याटप्प्याने उठविले गेले आणि २०१५ मध्ये उरलेल्या वस्तूही त्यातून वगळण्यात आल्या. खरेदीतील अग्रक्रम मात्र त्यानंतरही टिकून राहिला, कारण तो मोठ्या कारखान्यास उत्पादन करण्यास मज्जाव करीत नाही. शासन हा ग्राहक आपल्या मागणीचा काही भाग कोठे वळवितो एवढ्यापुरताच तो मर्यादित असतो.

सध्याची कायदेशीर चौकट : सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या अकराव्या कलमाने खरेदी-अग्रक्रम धोरण जाहीर करण्याचा अधिकार केंद्र व राज्य शासनांना दिला. त्यानुसार केंद्र शासनाने काढलेला ‘सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरण आदेश, २०१२’ हा १ एप्रिल २०१२ पासून अंमलात आला. केंद्रीय मंत्रालये, खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे उद्दिष्ट त्यात ठरविण्यात आले व तीन वर्षांच्या अवधीनंतर ते बंधनकारक झाले. २०१८ च्या दुरुस्तीने हे प्रमाण २५ टक्के करण्यात आले. या एकूण प्रमाणाच्या अंतर्गत ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योजकांकडून, तर ३ टक्के खरेदी महिला उद्योजकांकडून व्हावी, अशी उपलक्ष्ये आहेत. भागीदारीत वा खाजगी कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा त्या गटातील व्यक्तींचा असेल, तरच तो उद्योग त्या गटाचा मानला जातो. ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेण्यासाठी राखीव ठेवण्यात आल्या. संरक्षणविषयक शस्त्रसामग्रीसारखी खरेदी उद्दिष्टाच्या हिशेबातून वगळण्यात आली.

मध्यम उद्योगांना या आदेशाचा लाभ नाही. तसेच केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही नाही. लाभाची सीमा व्याख्येवर अवलंबून असते. १ एप्रिल २०२५ पासून अंमलात आलेल्या सुधारित व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी रुपयांपर्यंत व वार्षिक उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग ‘लघु’ ठरतो. ‘सूक्ष्म’ उद्योगासाठी या मर्यादा अनुक्रमे २·५ कोटी व १० कोटी रुपये आहेत. मर्यादा वाढविल्याने वाढत्या उद्योगास सवलत गमावण्याच्या भीतीने लहानच राहण्याची गरज उरत नाही. परंतु त्याचबरोबर दहा-पंधरा कामगारांच्या कर्मशालेला शंभर कोटी उलाढालीच्या कारखान्याशी त्याच राखीव हिश्शासाठी स्पर्धा करावी लागते.

अग्रक्रमाची कार्यपद्धती : सर्वांत कमी दर मोठ्या उद्योगाचा असेल व एखाद्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचा दर त्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंतच अधिक असेल, तर त्या उद्योगास न्यूनतम दराइतका आपला दर खाली आणण्याची संधी देण्यात येते. तो तयार झाल्यास मागणीच्या २५ टक्क्यांपर्यंतचा पुरवठा त्याच्याकडे सोपविला जातो. उदा., एखाद्या संस्थेस १०,००० नग हवे असून मोठ्या कारखान्याचा न्यूनतम दर प्रती नग २०० रुपये आहे, असे समजू. या स्थितीत २३० रुपयांपर्यंत दर देणारा लघुउद्योग पात्र ठरतो. त्याने २२४ रुपये दर दिला असेल, तर २०० रुपयांना माल देण्याचे मान्य केल्यावर त्यास २,५०० नगांचा आदेश मिळू शकतो. उरलेले ७,५०० नग मोठा कारखाना पुरवितो. असे पात्र उद्योग एकाहून अधिक असल्यास राखीव हिस्सा त्यांच्यात प्रमाणशीर विभागला जातो. मागणीचे विभाजन करणे शक्य नसेल, तर संपूर्ण आदेश लघुउद्योगास देता येतो.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, खरेदीदार संस्थेला पदरचा एक रुपयाही अधिक द्यावा लागत नाही. जुन्या किंमत-अग्रक्रमाची जागा येथे संधीच्या अग्रक्रमाने घेतली आहे. त्यामुळे या धोरणाने सार्वजनिक पैशाचा अपव्यय होतो, हा आक्षेप बराचसा गैरलागू ठरतो. दोन, सवलतीचा भार लघुउद्योग स्वतःच उचलतो. ज्याला २२४ रुपयांचा दर योग्य वाटला होता, त्याने २४ रुपये सोडावयाचे असतात. मोठ्या कारखान्याची किंमत कच्च्या मालाच्या घाऊक खरेदीमुळे व स्वस्त कर्जामुळे कमी असते. ती कारणे लघुउद्योगापाशी नसतात. म्हणून मिळालेला आदेश फायद्याचा ठरेल की तोट्याचा, हे पुढे देयक किती दिवसांत मिळते यावर पुष्कळ अंशी ठरते.

विलंबित देयके : याच अधिनियमानुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांच्या आत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. लेखी करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. वाद सोडविण्यासाठी राज्यांत सुविधा परिषदा असून त्यांनी ९० दिवसांत निर्णय द्यावा अशी तरतूद आहे. परिषदेच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदारास देय रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

कायदा एवढा कडक असूनही व्यवहारात पुरवठादार तक्रार करण्यास कचरतो. ज्या कार्यालयाविरुद्ध तक्रार करावयाची, त्याच कार्यालयाची पुढील वर्षाची निविदा त्याला भरावयाची असते. या संकोचाची किंमत साध्या हिशेबाने कळते. दहा लाख रुपयांच्या पुरवठ्याचे देयक सहा महिने अडकले आणि उद्योजकाने तेवढ्या रकमेसाठी वार्षिक १२ टक्के दराने कर्ज काढले, तर व्याजापोटी ६०,००० रुपये जातात. त्या पुरवठ्यात त्याचा नफा ६ टक्के असेल, तर तो संपूर्ण नफा सावकार वा बँक घेऊन जाते. म्हणजे राखीव हिस्सा मिळाल्याची नोंद संस्थेच्या अहवालात होते. पण कर्मशालेत त्याचे भांडवल होत नाही. देयके कालबद्ध न दिल्यास राखीव हिश्शाचे प्रमाण कितीही वाढविले तरी धोरणाचा हेतू साध्य होत नाही.

यावर उपाय म्हणून तीन मार्ग योजिले गेले. देयकांवर आधारित अर्थपुरवठ्याच्या संगणकीय बाजारमंचांना रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली. तेथे खरेदीदाराने मान्य केलेले देयक बँका सवलतीने विकत घेतात आणि पुरवठादारास पैसा लवकर मिळतो. २०१७ मध्ये विलंबित देयकांच्या तक्रारी थेट नोंदविण्याची राष्ट्रीय संगणकीय सुविधा सुरू झाली. तिसरा मार्ग करविषयक होता. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात केलेल्या दुरुस्तीनुसार, सूक्ष्म वा लघु उद्योगास विहित मुदतीत न दिलेली रक्कम ही प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. यामुळे विलंबाचा बोजा काही अंशी खरेदीदाराकडे सरकला. परंतु आयकर न भरणाऱ्या शासकीय कार्यालयांना ही मात्रा लागू पडत नाही.

सामाजिक बाजू : अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे उपलक्ष्य हा या धोरणाचा सर्वांत नाजूक भाग आहे. संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदाने या वर्गांचे आर्थिक हितसंबंध जोपासण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले आहे. शासकीय नोकऱ्यांतील आरक्षणाने त्यांच्यातून पगारदार वर्ग निर्माण झाला. परंतु भांडवल, व्यापारी ओळखी व पत या गोष्टी नोकरीतून आपोआप मिळत नाहीत. २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्यात शासकीय व खाजगी खरेदीतील पुरवठादार-विविधतेची मागणी प्रामुख्याने मांडली गेली. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात ‘दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री’ ही संघटना स्थापन केली. २०१२ च्या आदेशातील उपलक्ष्याने या मागणीला कायद्याचे रूप मिळाले आणि २०१६ मध्ये अशा उद्योजकांना प्रशिक्षण, यंत्रसामग्री व निविदा-साहाय्य पुरविणारे राष्ट्रीय केंद्र सुरू करण्यात आले.

सूक्ष्म व लघु उद्योगांचे एकूण उद्दिष्ट गाठण्यात केंद्रीय उपक्रमांना बव्हंशी यश आले. ४ टक्क्यांच्या उपलक्ष्याबाबत मात्र प्रत्यक्ष खरेदी दीर्घकाळ त्याच्या बरीच मागे राहिली. याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. तेलशुद्धीकरण, वीजनिर्मिती वा अवजड यंत्रे अशा क्षेत्रांतील उपक्रमांना लागणारा विशिष्ट दर्जाचा माल बनविणारे या वर्गांतील उद्योग संख्येने कमी आहेत. ज्यांना तो बनविता येतो, त्यांना मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीत शिरण्यास वर्षे लागतात. आणि उपलक्ष्य न गाठणाऱ्या संस्थेस त्याबद्दल प्रत्यक्ष दंड सोसावा लागत नाही. पात्र पुरवठादार न मिळाल्यास हा हिस्सा इतर सूक्ष्म व लघु उद्योगांकडे वळतो. त्यामुळे पुरवठादार शोधण्याचे आणि घडविण्याचे काम खरेदी अधिकाऱ्याच्या इच्छेवर राहते.

दुसरा धोका नामधारी मालकीचा होय. ५१ टक्के हिस्सा कागदोपत्री एकाच्या नावे आणि कारखाना, भांडवल व नफा दुसऱ्याच्या हाती, अशी रचना करणे अशक्य नसते. महिलांच्या नावाने कुटुंबातील पुरुषांनी चालविलेले उद्योग हा त्याचाच एक प्रकार. मालकीच्या दाखल्याबरोबर निर्णय कोण घेतो व उत्पादन कोठे होते याची पडताळणी केल्याशिवाय हा दोष दूर होत नाही.

महाराष्ट्रातील एक प्रकरण : अंगणवाड्यांतील पूरक पोषण आहाराची खरेदी हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. हा आहार पुरविण्याच्या कामी कंत्राटदार नेमू नयेत व शक्यतो स्थानिक महिला मंडळे व स्वयंसाहाय्य बचतगट यांचा उपयोग करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये सांगितले होते. महाराष्ट्रात २०१६ मध्ये काढलेल्या निविदेतील अटी लहान बचतगटांना स्पर्धेबाहेर ठेवणाऱ्या व मोठ्या पुरवठादारांना अनुकूल असल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निविदेनुसार दिलेली कामे रद्द ठरवून नव्याने निविदा काढण्यास सांगितले. अग्रक्रम धोरणात लिहिलेला असला, तरी तो निविदेच्या अटींत हिरावून घेतला जाऊ शकतो, हा या प्रकरणाचा धडा होय. उलाढालीची अट किती ठेवावी आणि किती प्रकल्प एकत्र जोडून एक निविदा काढावी, हे वरवर तांत्रिक वाटणारे निर्णयच गावातील दहा स्त्रियांच्या गटाला काम मिळेल की नाही, हे ठरवितात.

न्यायालयीन दृष्टिकोन : शासनाने कोणाशी करार करावा याबाबत त्याला खाजगी व्यक्तीइतके स्वातंत्र्य नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये रमणा दयाराम शेट्टी प्रकरणात प्रस्थापित केले. मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृह चालविण्याच्या निविदेतून ते उद्भवले होते. स्वतः घालून दिलेल्या पात्रतेच्या अटी शासकीय संस्थेला मनमानीने बाजूला सारता येत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. हे तत्त्व दुधारी आहे. ते वशिल्याला आळा घालते. तसेच दुर्बल गटास अग्रक्रम द्यावयाचा तर तोही आधी जाहीर केलेल्या व समर्थनीय नियमानेच द्यावा, असे बंधन घालते. २०१२ च्या आदेशाला कायद्याचे बळ आहे व त्याची अंमलबजावणी करणे हे संबंधित प्राधिकरणांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. मात्र त्यामुळे प्रत्येक उद्योगास विशिष्ट आदेश मागण्याचा वैयक्तिक हक्क प्राप्त होत नाही, असेही सांगितले.

इतर देशांतील अनुभव : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७७ च्या सार्वजनिक बांधकाम रोजगार अधिनियमात, पॅरेन मिचेल यांच्या प्रयत्नाने, अनुदानाचा किमान १० टक्के भाग अल्पसंख्याकांच्या उद्योगांवर खर्च करण्याची तरतूद झाली. ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये वैध ठरविली. परंतु १९८९ मध्ये रिचमंड शहराची ३० टक्क्यांची तरतूद अवैध ठरवून, पूर्वीच्या भेदभावाचा नेमका पुरावा मागितला. १९९५ मध्ये तीच कठोर कसोटी संघराज्याच्या कार्यक्रमांनाही लावण्यात आली. दक्षिण आफ्रिकेने याउलट आपल्या १९९६ च्या संविधानातच, २१७ व्या कलमात, खरेदी न्याय्य, पारदर्शक, स्पर्धात्मक व किफायतशीर असावी असे सांगून, पूर्वी अन्याय झालेल्या गटांना अग्रक्रम देण्यास वाव ठेवला. भारताची वाट या दोहोंच्या मध्ये आहे. येथे अग्रक्रमाचा प्रमुख निकष उद्योगाचा आकार हा असून सामाजिक निकष त्याच्या पोटात बसविला आहे.

मूल्यमापन : ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय ई-बाजारपेठेमुळे निविदांची माहिती तालुक्याच्या गावीही पोहोचू लागली व मध्यस्थांचे महत्त्व काही प्रमाणात घटले. त्याच वर्षी, दर्जाला बाध न येता, पूर्वानुभव व पूर्वउलाढाल यांच्या अटी सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी शिथिल करण्याची मुभा देण्यात आली. दर्जाविषयीचा आक्षेप अगदीच निराधार नाही. औषधे वा सुरक्षासाधने यांच्या खरेदीत शिथिलतेला मर्यादा असणे आवश्यकच आहे. परंतु दर्जा हा मालाच्या तपासणीने सिद्ध होतो, उलाढालीच्या आकड्याने नव्हे.

पुरवठादार अनेक असणे हे खरेदीदाराच्याही हिताचे असते. एकाच पुरवठादारावर विसंबलेल्या संस्थेचे काम त्याच्या कारखान्यातील टाळेबंदीने वा दरवाढीने ठप्प होऊ शकते. विखुरलेल्या पुरवठ्याने हा धोका कमी होतो. मागणीचे तुकडे वाजवी आकाराचे ठेवणे, वर्षभराच्या खरेदीचा आराखडा आधी जाहीर करणे, नव्या पुरवठादारास लहान चाचणी-आदेश देऊन पारखणे, मालकीची खरी पडताळणी करणे आणि देयक मुदतीत चुकते करणे, या पाच गोष्टींवर या धोरणाचे यश अवलंबून आहे. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत साधी आहे. तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही; आणि तीच दीर्घकाळ सर्वाधिक उपेक्षित राहिली आहे.